साखळीचे वकील

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं स्टोअर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळा कारखाना 'वकीलसाहेब' म्हणतो. शिक्षण म्हणाल तर आयटीआय, फिटर ट्रेड. कोर्टाची पायरी आयुष्यात एकदाच चढलेत, भावकीतल्या बांधाच्या भांडणापायी. तिथंही म्हणे स्वतःच्या वकिलाला खाली बसवून उरलेलं भाषण यांनीच केलं. निकाल काय लागला ते कुणी सांगत नाही. नाव मात्र तेव्हापासून चिकटलं आणि अंगीही लागलं. अशील तेवढं बदललं. आता ते खराब झालेल्या चेन स्लिंगांचे खटले चालवतात.

चेन स्लिंग म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. क्रेनच्या हुकात अडकवायची एक जाड रिंग, तिच्यातून खाली लोंबणारे साखळीचे एक, दोन किंवा चार पाय, ज्यांना सगळे 'लेग' म्हणतात, आणि प्रत्येक लेगच्या टोकाला हूक. मोल्डिंग बॉक्स उचला, पॅटर्न हलवा, नॉकआऊट झालेलं कास्टिंग फेटलिंगला न्या, हिच्याशिवाय फौंड्रीचं पान हलत नाही. दिवसभर ती आपटते, घासते, वाळूत लोळते, नीट न निवलेल्या कास्टिंगला टेकून भाजते. काही दिवसांनी अंगावर खुणा दिसायला लागतात आणि कुणीतरी विचारतं, हिची दुरुस्ती करायची की भंगारात काढून नवी घ्यायची? पुस्तकात याचं उत्तर दीड पानात आहे. शिरोलीत त्याला तीन-तीन महिने लागतात.

माझा धंदा या साखळ्या विकण्याचा. म्हणजे वकीलसाहेबांच्या लेखी मी सरकारी वकील, आणि तोही कमिशनवर काम करणारा. मी "बदला" म्हटलं की ते आजूबाजूच्या हेल्परांकडे बघून हसतात. "ऐकलंसा? न्हाव्याला विचारलं, केस वाढल्यात का. तर काय म्हणणार बिचारा?"

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, खाली बेळगावपर्यंतच्या फौंड्र्या मी फिरतो. टाकून द्यायला न धजणारी माणसं सगळीकडेच आहेत. कुणी रद्द केलेली साखळी पिंपात लपवतो, कुणी तिला रंग मारून नवी म्हणून टांगतो, कुणी "एक टाका मारू की वेल्डिंगचा" म्हणून मोकळा होतो. ही सगळी कच्ची मंडळी. त्यांना नियम माहीत नसतात, म्हणून ते मोडतात. वकीलसाहेबांना नियम तोंडपाठ आहेत आणि ते एकही मोडत नाहीत. नियमालाच साक्षीदार करून आपल्या बाजूनं बोलायला लावतात. अशा माणसाशी वाद घालायला मजा येते आणि ऑर्डर मिळत नाही.

कुठल्याही खटल्याची सुरुवात ते एकाच वाक्यानं करतात. साखळी हातात घ्यायची, तळहातावर वजन तोलायचं आणि दुखावलेल्या आवाजात विचारायचं, "हिला काय झालंय वो?"

एकदा झालं होतं ते असं. साखळी 10 मिलिमीटरची, ग्रेड 80 ची. एकेरी लेगनं सरळ उचललं तर 3.15 टन झेपणारी. कड्या झिजल्या होत्या. मी म्हटलं, काटकोनातली दोन मापं घ्यायची, त्यांची सरासरी मूळ जाडीच्या 90 टक्क्यांच्या खाली गेली, म्हणजे इथं 9 मिलिमीटरच्या खाली, की साखळी बाद. वकीलसाहेबांनी मान डोलावली. ड्रॉवरमधून स्वतःचा व्हर्निअर काढला (तो मखमलीच्या खोक्यात असतो आणि दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नाही), कडीच्या सरळ बाजूला लावला आणि जाहीर केलं, "नऊ पॉइंट नऊ. लिवा."

"साहेब, कडी सरळ बाजूला झिजत नाही. एक कडी दुसरीत बसते त्या वळणावर झिजते. साखळी सैल सोडा, कडी फिरवा आणि आत मोजा."

"तिथंच मोजायचं आसं कुठं लिवलंय?"

मी दाखवलं. ते त्यांनी सावकाश वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर पराभव बिलकूल नव्हता, उलट नवं कलम सापडल्याचा आनंद होता. कडी फिरवून आत मोजलं. एक माप 8.7 आलं, त्याला काटकोनात 9.4.

"सरासरी म्हटलासा न्हवं तुमी?" त्यांनी भिंतीवर खडूनं गणित मांडलं. "नऊ पॉइंट शून्य पाच. निर्दोष मुक्तता!"

आता यावर काय बोलणार? शेजारच्या कडीचं माप घ्या म्हटलं, तर ती कडी या खटल्यात पक्षकार नाही म्हणाले. शेवटी घेतलं. ते 9.1 निघालं.

मी त्यांना समजावायला गेलो की जाडी 10 ची 9 झाली तर आपल्याला दहा टक्केच कमी झाल्यासारखं वाटतं, पण भार पेलतो तो काटछेद, आणि तो वर्गाच्या हिशेबानं घटतो. शंभराचे एक्क्याऐंशी उरतात. वकीलसाहेबांनी हुकमाचा एक्का काढला. "आणि चारपट ताकद असतीय त्येचं काय?"

ही चारपट त्यांची फार लाडकी. ग्रेड 80 ची साखळी लिहिलेल्या भाराच्या निदान चौपट भाराला तुटावी अशी बनवतात, हे खरं आहे. वकीलसाहेब त्या चारपटीला 'संशयाचा फायदा' म्हणतात आणि तो आरोपीलाच मिळाला पाहिजे असा आग्रह धरतात. पण तो फायदा हेल्परनं आधीच वसूल केलेला असतो, हे त्यांना कोण सांगणार? क्रेन झटक्यानं उचलली की थोडा गेला. साखळी तोकडी पडली म्हणून दोन लेग फाकवून लावले की आणखी गेला. दोन लेग उभ्या रेषेपासून 45 अंशांच्या आत असतील तर हीच 10 मिलिमीटरची जोडी 4.25 टन उचलते. 60 अंशांपर्यंत फाकवली की 3.15 वर येते, म्हणजे दोन लेग असून एकाचंच काम. त्यापुढं फाकवायला परवानगीच नाही. मात्र मोल्डिंग शॉपमध्ये कोन मोजायला कोनमापक घेऊन कुणी उभं राहत नाही. "बसतंय की" हाच तिथला कोनमापक.

दुसरा खटला लांबीचा होता आणि तो मी अजून विसरलेलो नाही. साखळीवर जास्त भार पडला की ती ताणते, आणि ताणलेली साखळी परत आखडत नाही. मी म्हटलं, ही लांब झाली आहे. वकीलसाहेब म्हणाले, "लांब? कशापरीस लांब?"

"मूळ लांबीपेक्षा."

"मूळ लांबी किती?"

रजिस्टर काढलं. कारखाने कायद्याच्या 29 व्या कलमानं उचलण्याच्या साखळ्यांची वर्षातून निदान एकदा जाणकार व्यक्तीकडून कसून तपासणी करावी लागायची आणि तिची नोंद ठेवावी लागायची. नोंद होती. तारीख, सही, 'समाधानकारक' असा शेरा, सगळं होतं. नवी आली त्या दिवशीची लांबी मात्र कुणी लिहून ठेवली नव्हती.

"बघा," वकीलसाहेब रजिस्टर मिटत म्हणाले, "जलमदाखला न्हाई आन् तुमी वय सांगताय."

साखळीच्या टॅगवरून काही कळेल म्हणावं, तर टॅगही नव्हता. टॅग नसणं हेच वापरातून काढायला पुरेसं कारण आहे असं मी म्हटल्यावर त्यांनी ड्रॉवर उघडला. आत बेवारस टॅगांचा ढीग होता. गेल्या कितीतरी वर्षांत गळून पडलेला प्रत्येक टॅग त्यांनी जपला होता; त्यांतल्या निम्म्या साखळ्या केव्हाच भंगारवाल्याकडे पोचल्या असतील. "ह्यातला हिचा कुठला, ते ओळखून द्या. मी बांधतो." त्यांची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. दुसरा कुणी असता तर त्यातला एखादा जुळता टॅग तारेनं बांधून मोकळा झाला असता. यांनी तसं कधी केलं नाही. खोटा कागद त्यांना चालत नाही. खरा कागद आपल्या बाजूनं वळवता येतो, यावर त्यांचा विश्वास आहे.

मी कडीवर आलो. 10 मिलिमीटरच्या कडीची आतली लांबी 30 मिलिमीटर असते, त्याला जन्मदाखला लागत नाही. पुष्कळ उत्पादक पाच टक्क्यांची मर्यादा घालतात, म्हणजे 31.5 च्या पुढं गेली की संपलं. मोजली तर 31.8. वकीलसाहेब बराच वेळ गप्प राहिले. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "जेवणाची सुट्टी झाली. पुढची तारीख घ्या."

या तारखांसाठी त्यांनी स्टोअरच्या दाराशी एक वेगळी खुंटी ठोकली होती. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं, 'न्यायप्रविष्ट'. निकाल न लागलेल्या साखळ्या तिथं लोंबायच्या. मला त्या फौंड्रीत भीती वाटायची ती एवढ्याच एका जागेची. साखळी चांगली असेल तर रॅकवर असावी, वाईट असेल तर कापून भंगारात. मधल्या खुंटीवरची साखळी दिवसा न्यायप्रविष्ट असते. रात्रपाळीला फक्त साखळी असते.

हुकांच्या बाबतीत वकीलसाहेब आंतरराष्ट्रीय कायद्यात शिरत. हूक ताणून उघडायला लागला की तो किती उघडेपर्यंत चालवायचा? अमेरिकी मानकात तोंड पाच टक्क्यांनी रुंदावलं की बाद, युरोपातल्या मानकात दहा टक्क्यांपर्यंत सूट. कुठून कोण जाणे, त्यांनी हे दोन्ही पैदा केलं होतं. "आपण युरोपात," त्यांनी मला बजावलं होतं. मी युरोपच्याच कलमातलं पुढचं अर्धं वाक्य वाचून दाखवलं. हुकाची खिटी टोकाला न अडकता बाहेर निसटत असेल तर टक्केवारी काही असो, हूक वापरायचा नाही. त्यांनी बोटानं खिटी दाबली, ती निसटली. परत दाबली, परत निसटली. मग तो हूक त्यांनी काढून दिला. तोंडानं मात्र "स्प्रिंग कमजोर झालीया, हूक न्हाई" असं पुटपुटत होते.

अधूनमधून ते जुने निवाडे काढत. त्यांचे वस्ताद म्हणे साखळ्या भट्टीत घालून, लाल करून, राखेत सावकाश निववत, आणि साखळी पुन्हा ताजी होई. वस्ताद खोटं बोलत नव्हते. घडीव लोखंडाच्या साखळ्या वापरून वापरून कडक आणि ठिसूळ होत, त्यांना ठरावीक मुदतीनं असा शेक देण्याची रीतच होती. पण आताची साखळी मिश्रपोलादाची. तिची ताकद कारखान्यात तापवून, बुडवून, पुन्हा मोजून तापवून आणलेली असते. तिला भट्टीत घालणं म्हणजे ती ताकद धुऊन टाकणं. ग्रेड 80 ला 200 अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण भार चालतो, 300 पर्यंत नव्वद टक्के, 400 पर्यंत पंचाहत्तर टक्के. त्यापुढं तिला उचलायलाच लावायचं नाही. हे ऐकून वकीलसाहेब म्हणाले, "म्हंजे वस्तादांचा निवाडा रद्द?" मी हो म्हटलं. त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला नाही.

एवढं सगळं झालं तरी हा माणूस नेहमी हरणारी बाजू घेतो असं कुणी समजू नये. चार लेगची एक स्लिंग होती, एक लेग वाळूच्या मिक्सरमध्ये अडकून पिळून निघालेला. मी पूर्ण नव्या स्लिंगचं कोटेशन ठेवलं. वकीलसाहेबांनी ते वाचलं, घडी घालून माझ्याच खिशात ठेवलं आणि क्रेनवाल्याला हाक मारली. स्लिंग वर टांगली. तीन धड लेग शेवग्याच्या शेंगांसारखे सरळ लोंबत होते आणि तिघांचे हूक एका पातळीत होते. प्रत्येक कडीची मापं त्यांनी आदल्याच दिवशी काढून ठेवली होती, या वेळी आतल्या वळणावर. रिंग ठीक, हूक ठीक, झीज चार टक्क्यांच्या आत. "तीन पोरं धडधाकट हायती आन् तुमी घरच जाळा म्हणताय."

त्यांचं बरोबर होतं. पिळलेली साखळी काढायची, त्याच बनावटीचा आणि त्याच ग्रेडचा तुकडा घ्यायचा, पिनेच्या जोडकडीनं रिंगला आणि हुकाला जोडायचा, जाणकाराकडून तपासून नवं प्रमाणपत्र आणि टॅग घ्यायचा. ही खरी दुरुस्ती. बाकीचे तीन लेग ताणलेले असते तर नवा लेग आखूड पडून भार त्याच्यावरच आला असता, मग सगळे बदलावे लागले असते. पण तसं नव्हतं, आणि ते नव्हतं हे त्यांनी मोजून सिद्ध केलं होतं. मी एक लेग विकला. कमिशन किती आलं ते विचारू नका.

मग ती चिरेची भानगड झाली. दोन लेगच्या एका स्लिंगच्या कडीवर आडवी रेघ दिसली. तोवर कारखान्यात नवी सेफ्टी ऑफिसर आली होती, नाशिककडची, पंचविशीची. ती म्हणाली, "काका, ही चीर आहे." काका म्हणाले, ओरखडा आहे. दोन्हींत फरक मोठा. ओरखडा असेल तर कानशीनं साखळीच्या लांबीच्या दिशेनं घासून गुळगुळीत करता येतो, जाडी मर्यादेत राहिली की झालं. चीर असेल तर बोलायलाच नको, कडी गेली. वकीलसाहेबांनी वैज्ञानिक पुरावा मागितला. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर आतला लाल रंग पावडरीवर उमटतो. बाहेरचा माणूस सोमवारी येणार होता. साखळी खुंटीवर गेली.

सोमवारी त्या कडीवर ना चीर होती, ना ओरखडा. तिथं घासून चकचकीत केलेला आणि वरून काळा रंग मारलेला वेल्डिंगचा टाका होता. रविवारी रात्री साखळी कमी पडली होती. रात्रपाळीतल्या कुणीतरी सद्‌भावनेनं 'रिपेर' करून वापरली आणि परत आणून टांगलीही.

मी तिथं नव्या साखळीच्या आशेनं हजर होतो, म्हणून पुढचं प्रत्यक्ष पाहिलं. वकीलसाहेबांनी टाक्यावरून अंगठा फिरवला. "हिला काय झालंय वो" असं ते म्हणतील म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून शर्टाला पुसला आणि गॅस कटिंगवाल्याला बोलावलं. पावडरवाला आपली पेटी उघडत होता, त्याला हातानंच थांब म्हणाले. उभ्या उभ्या दोन्ही लेगच्या कड्या कापायला लावल्या, एकाआड एक, जोडायची कुणाला बुद्धी होऊ नये अशा.

सेफ्टीवाल्या पोरीला वाटलं, काका सुधारले. ती म्हणाली, "बघा ना काका, वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूचं पोलाद..."

"पोलादाचं मला म्हाईत हाय ओ मॅडम," ते म्हणाले. "पर केस चालू असताना पुराव्याला हात लावला. आता मी भांडू कशाच्या जोरावर?"

रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद आहे: 'पुरावा नष्ट झाल्याने दावा काढून घेतला.' तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ती वाचून अर्थ विचारला, तेव्हा पोरीनं "साखळी बाद करून नष्ट केली" असं भाषांतर करून दिलं. ते त्यांना पटलं. न्यायप्रविष्ट खुंटीला आता जाळीचं दार आणि कुलूप आहे. किल्ली वकीलसाहेबांच्या कमरेला असते आणि रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन त्यांनी घरी घेणं बंद केलंय.

त्या साखळीच्या जागी नवी लागणार होती आणि ऑर्डर मला मिळाली. 10 मिलिमीटर, दोन लेग, 3 मीटर लांबी, कड्यांवर ग्रेडचा शिक्का. मी माल पोचवायला गेलो तर पोरीनं साखळी टांगून ठेवली होती. टेप लावून दोन्ही लेगची लांबी मोजली आणि रजिस्टरच्या नव्या पानावर, तिनं स्वतः आखलेल्या 'मूळ लांबी' अशा रकान्यात, लिहिली. वकीलसाहेब शेजारी उभे राहून बघत होते. आपली मोठी पळवाट डोळ्यांदेखत बंद होताना बघण्याचा प्रसंग वकिलावर येतो तेव्हा तो काय करतो, हे मला बघायचं होतं.

"मोजताना हवा किती गरम हुती?" त्यांनी विचारलं.

मी मनातल्या मनात हिशेब केला. 3 मीटर पोलाद 20 अंशांच्या फरकानं पाऊण मिलिमीटरही वाढत नाही. मी तसं बोलायला तोंड उघडलं.

पोरीनं मला हातानं थांबवलं. "31 अंश. लिहिलंय, काका. हे बघा, कंसात."

काकांनी वाकून कंस वाचला. तारीख वाचली, सही वाचली, अंशाचा लहान गोल नीट काढलाय का तेही पाहिलं. मग सरळ उभे राहिले आणि तिच्या हातातल्या टेपकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् ह्या टेपचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"